डब्यांनी ठेवलेलं नाव

रुचिकाच्या छातीत शीळ वाजायला लागली की हिमानीचं बाकी सगळं ऐकणं बंद व्हायचं. कुकर किती शिट्ट्या देऊन गेला, खालच्या मजल्यावर टीव्ही केवढ्यानं चाललाय, सासूबाई कधीपासून हाक मारताहेत, तिला काही म्हणजे काही कळायचं नाही. ऐकू यायची फक्त ती बारीक शीळ. तीन वर्षांच्या पोरीच्या बरगड्यांमधून, दाराच्या फटीतून वारा यावा तशी.

"ॲलर्जी आहे," डॉक्टर म्हणायचे. "धूळ असेल, हवा असेल. वाढत्या वयात कमी होतं."

"होईल गं कमी," श्रीपाद म्हणायचा.

"तुझ्या नवऱ्यालासुद्धा होतं लहानपणी," सासूबाई म्हणायच्या. "आता बघ, जिना चढला की बिल्डिंग हलते."

हिमानीला या तिघांचाही राग यायचा. हवा असेल म्हणजे काय? कुठली हवा, कुणाची हवा? उल्हासनगरच्या कॉलेजातून तिनं केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं होतं. 'असेल' या शब्दावर तिथे कुणी मार्क दिले नव्हते. म्हणून तिनं आपल्या परीनं शोध चालवला होता. बदलापूरच्या कुळगावातल्या त्या दोन खोल्यांमधून मऊ खेळणी गेली, पडदे गेले, गाद्यांना प्लॅस्टिकची खोळ आली. सासूबाईंची उदबत्ती देवघरातून उठून गॅलरीत गेली, आणि तेव्हापासून देवाला धूर दिसायचा पण वास येत नसे, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

रुचिकाच्या आसपास जुनं, कुणी वापरलेलं असं काहीही ठेवायचं नाही, हा हिमानीचा पहिला नियम. तो बाळंतपणापासूनचा. नात झाली तेव्हा सासूबाईंनी आपल्या जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवून आणली होती. धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या साड्या, कडेला लाल टाके. हिमानीनं ती हातात घेतली, छान म्हणाली, आणि माळ्यावर टाकली. किती वर्षांचा घाम, किती ट्रंकांमधली धूळ! त्यानंतर सासूबाईंनी नातीसाठी काही शिवलं नाही.

त्या जागी आली ती निळी गोधडी. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका हातगाडीवर घेतलेली, जीन्सच्या कारखान्यातल्या कोऱ्या चिंध्या जोडून केलेली. "नया माल है भाभी," गाडीवाला म्हणाला होता. "किसी का पहना हुआ नहीं. बस धोना मत, कलर जाएगा." किसी का पहना हुआ नहीं! हिमानीला तेवढंच ऐकायचं होतं. तशीही बदलापूरच्या दमट हवेत ती जाड गोधडी धुतली असती तर वाळायला पुढचं वर्ष उजाडलं असतं. ती नुसती ऊन दाखवायची. रुचिका तिला 'निळू' म्हणायची, झोपताना गालाखाली घ्यायची, जागी असली की खांद्यावर टाकून घरभर फिरायची.

आणि अशात मीनलचा फोन आला.

मीनल म्हणजे शाळेतली मैत्रीण. चित्रकला शिकायला बडोद्याला गेली ती तिकडचीच झाली असं सगळे म्हणत होते. वडील गेल्यावर परत आली. अंबरनाथला मोरिवलीत, एमआयडीसीला लागून, वडिलांचा पत्र्याचे डबे बनवायचा छोटा कारखाना होता. तो बंदच होता. तिथे तिनं काहीतरी मांडलं होतं.

"दिवसातले चार तास बसशील का?" मीनल म्हणाली. "मी झोपलेलीच नाहीये महिनाभर. रुचूला घेऊन ये. तुलाही जरा बाहेर पडल्यासारखं होईल."

"काय मांडलंयस पण?"

"डबे. बोलणारे."

श्रीपाद एमआयडीसीतच एका कंपनीत ऑफिसर होता. जाताना त्यानं दोघींना स्कूटरवरून सोडलं. शेडमध्ये अर्धा अंधार होता, वरच्या कौलातल्या काचेतून उन्हाचे पट्टे खाली आले होते. आणि त्या उजेडात ठिकठिकाणी, कुणी जमिनीवर, कुणी टेबलावर, कुणी साखळीला टांगलेले, जुने डबे. तेलाचे, बिस्किटांचे, रंगाचे. प्रत्येकाला आत सर्किटची एक छोटी पाटी, वायरींचं जाळं, वर जाळीचं एक नाक आणि खाली पत्र्यावर मारायला एक हातोडी नाहीतर फुंकायला एक नळी.

"यांना वास कळतो, ऊन कळतं, ओल कळते, जमिनीचा हादरा कळतो," मीनल सांगत होती. "सगळ्यांना सारखं नाही. कुणाचं नाक तिखट, कुणाचं सर्दी झाल्यासारखं. आता समज, या तेलाच्या डब्याला काहीतरी जाणवलं. तो आवाज करतो, मनाला येईल तो. समोरचा अंदाज बांधतो, की हा ओलीबद्दल बोलतोय की उन्हाबद्दल. जुळलं तर दोघं तो आवाज ठेवतात. नाही जुळलं तर सोडून देतात. मग तिसऱ्याशी, मग चौथ्याशी."

"आणि तू काय शिकवलंस त्यांना?"

"काही नाही! तीच तर गंमत आहे. सुरुवातीला नुसता गोंधळ होता. भांड्यांच्या दुकानात मांजर शिरल्यासारखा. आता बघ, निम्मे आवाज सगळ्यांचे एक झालेत. भाषा करताहेत गं, आपापसात. आणि मला ती येत नाही."

हे शेवटचं ती इतक्या आनंदानं म्हणाली, की हिमानीनं तिच्याकडे बघितलं. आपल्याला कळत नाही अशा गोष्टीचा आनंद होणारी माणसं असतात तर.

हिमानी रोज जायला लागली. काम काहीच नव्हतं. पंखा चालू ठेवायचा, वायरीत कुणी अडकत नाही ना बघायचं. रुचिका निळू खांद्यावर टाकून डब्यांमधून हिंडायची आणि हिमानी कान देऊन बसायची. कान देणं तिला येतच होतं. तीन वर्षं ती दुसरं काय करत होती? चार-सहा दिवसांत तिला काही आवाज ओळखू यायला लागले. ट्रक गेला की 'ठक-ठक'. ऊन सरकून दुसऱ्या डब्यावर आलं की लांबलचक 'पीं'. तिनं मीनलला सांगितलं, तर मीनल बघतच राहिली. "मला महिना लागला याला!"

एका दुपारी चांगोबाबा आत येऊन बसले होते. मोरिवलीतले जुने गावकरी. बाहेर ऊन लागतं म्हणून रोज शेडमध्ये टेकायचे आणि डब्यांकडे, सून नवी असताना बघतात तसं संशयानं बघायचे. अचानक कोपऱ्यातला रंगाचा डबा बोलला: "टुक-टुक-घूंऽऽ." शेजारच्यानं तो आवाज उचलला, मग त्याच्या शेजारच्यानं. बघता बघता अख्खी शेड घुमायला लागली. आणि त्यानंतर, अगदी त्यानंतरच, हिमानीच्या नाकाला कळलं. सडक्या कोबीसारखा, जिभेच्या मुळाशी कडवट लागणारा तो वास. अंबरनाथ-बदलापुरात कुणाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

"सोरला वाटतं ग्यास कंपनीनं," चांगोबाबा म्हणाले.

"बाबा, यांना आपल्या आधी कळलं."

"म्हंजे ते वासाला बोलतान?"

"हो ना. टुक-टुक-घूं म्हणजे तो वास."

चांगोबाबा विचारात पडले. "आमी पन बोलतू त्याला," ते म्हणाले. "पन आमचा शब्द पोरीसमोर सांगन्यासारखा नाय."

हिमानी हसली, पण हसता हसता तिनं रुचिकाला उचललं, ओढणी तिच्या नाकाला धरली आणि मागच्या खोलीत नेऊन दार लावून घेतलं. मनात एक गोष्ट मात्र पक्की बसली. या डब्यांना कळतं. 'असेल' म्हणत नाहीत ते.

त्यानंतर काही दिवसांनी, तो नवा आवाज सगळ्या डब्यांमध्ये रुळल्यावर, ते झालं. सकाळ स्वच्छ होती, हवेत कसलाही वास नव्हता. हिमानी रुचिकाचा हात धरून दारातून आत आली आणि दाराजवळचा बिस्किटांचा डबा हळूच म्हणाला, "टुक-टुक-घूं." मग पुढचा. रुचिका जसजशी आत चालत गेली तसतसे दोन्ही बाजूंचे डबे बोलत गेले. ती मागे वळली, आवाज तिच्यामागून परत आला. रुचिका टाळ्या पिटायला लागली.

मीनल मागच्या खोलीतून ब्रश तोंडात धरून धावत आली. "परत! परत चालव तिला!"

परत चालवली. परत तेच.

"अगं, ओळखलं त्यांनी तिला! नाव ठेवलं तिचं!" मीनलच्या डोळ्यांत पाणी होतं आणि टूथपेस्ट हनुवटीवर. "हिमानी, बारसं झालं तुझ्या पोरीचं. डब्यांनी केलं!"

तिनं लगेच व्हिडिओ काढला, इंस्टाग्रामवर टाकला. संध्याकाळपर्यंत हिमानीच्या चुलतबहिणींचेसुद्धा मेसेज आले. सासूबाईंनी तो व्हिडिओ तीनदा बघून म्हटलं, "बारशाला मला बोलावलं नाही ते नाही, घुगऱ्या तरी केल्यात का?"

हिमानीलाही त्या संध्याकाळी बरं वाटलं होतं. खोटं का बोला. आपल्या पोरीला यंत्रांनी नाव दिलं, कुणाच्या पोरीला देतात? पण भांडी आवरताना तो आवाज तिच्या डोक्यात परत वाजला आणि हातातली वाटी तशीच राहिली. टुक-टुक-घूं. हा तर तोच. तोच की! कंपनीच्या वासाचा.

दुसऱ्या दिवशी तिनं मीनलला म्हटलं.

"नाही गं," मीनल म्हणाली. "तो मोठा असतो, लांब. हा किती हळू आहे. वेगळा शब्द आहे हा."

"तोच शब्द आहे. हळू म्हटलेला."

"हे बघ, मी त्यांच्यासोबत राहते."

"आणि मी ऐकते."

मीनलनं तिच्याकडे बघितलं, जसं सगळे बघतात तसं. "तुला ना, हिमानी, कुणी ओवाळायला आलं तरी निरांजनाची आगच दिसेल."

पण हिमानीचा विचार थांबला नाही. तो थांबणाऱ्यातला नव्हताच. डबे चुकत नसतील, तर मग रुचूला तो वास आहे. कुठून? तिनं रुचिकाच्या चपला बाहेर काढून ठेवल्या आणि तिला आत नेलं. टुक-टुक-घूं. दुसऱ्या दिवशी डोक्याला तेल लावलं नाही. टुक-टुक-घूं. पिशवी घरी ठेवली, फ्रॉक बदलला, पावडर बंद केली, स्वतःचा परफ्यूम तर कधीचाच बंद होता. ती स्वतः एकटी आत जाऊन आली. डबे गप्प. रुचिका गेली, की बोलले.

मग एकच उरत होतं. ती हवा रुचूच्या आत आहे. छातीत मुरली आहे, आणि पोर श्वास सोडते तेव्हा बाहेर येते. केमिस्ट्री शिकलेल्या हिमानीला हे असं होत नसतं हे माहीत होतं. आई असलेल्या हिमानीला ते ठाऊक असून काही उपयोग नव्हता. ती दुपारी झोपलेल्या रुचिकाच्या तोंडाशी नाक नेऊन बसायची. दुधाचा वास यायचा, निळूचा कोऱ्या कापडाचा वास यायचा. नवीन कापडाचा वास तिला आवडायचा. स्वच्छ वाटायचा.

"सोडूया का बदलापूर?" ती श्रीपादला म्हणाली.

"आणि जायचं कुठे?"

"कुठेही. जिथे तुमच्या कंपन्या नाहीत."

'तुमच्या' म्हटल्यावर श्रीपादचा चेहरा पडला. "माझी कंपनी पॅकिंगची आहे, हिमानी."

"मला माहितीये. पण डबे खोटं बोलत नाहीत."

"डबे!" तो वैतागून म्हणाला. मग तिच्याकडे बघून जरा नरमला. "रविवारी उद्घाटन आहे ना तिचं? मी येतो. माझ्या कानांनी ऐकतो. तोच आवाज असेल तर आपण मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. मग घराचंही बघू. बस?"

एवढ्यासाठीच हिमानी रविवारी गेली. नाहीतर रुचिकाला त्या शेडमध्ये पुन्हा पाऊल टाकू द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

रविवारी शेडबाहेर चक्क रांगोळी होती. व्हिडिओमुळे माणसं लोटली होती. मुंबईहून आलेले मीनलचे झोळीवाले मित्र, उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी बायका नटूनथटून, मोरिवलीतली पोरंबाळं आणि त्यांच्या आया. चांगोबाबा टोपी घालून पहिल्या खुर्चीत. सासूबाईंनी रुचिकाला परकर-पोलकं नेसवलं होतं. आदल्या दिवशी, विचारल्याशिवाय, तीन वर्षांत पहिल्यांदाच शिवलेलं. कापड धुतलंय का, हे हिमानीनं दोनदा विचारलं. "तीनदा धुतलंय," सासूबाई म्हणाल्या. "आता माझे हात धुऊ का?"

मीनल दारात आली. केसांत गजरा, डोळे जागरणानं सुजलेले. तिनं रुचिकाकडे बघितलं आणि गोधडीवर बोट ठेवलं. "ही नको ना गं आज. फोटोत सगळा परकर झाकला जाईल."

रुचिकानं भोकाड पसरायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी त्यात रव्याचा लाडू घातला. निळू श्रीपादच्या खांद्यावर गेली, आणि तो स्कूटर लावायला गेला.

"आता ही आत येईल," मीनल सगळ्यांना सांगत होती, "आणि तुम्ही ऐका. हे नाव मी दिलेलं नाही. कुणी माणसानं दिलेलं नाही."

शेड शांत झाली. हिमानीनं रुचिकाचा हात धरला. बिस्किटांचा डबा आला. गप्प. तेलाचा डबा आला. गप्प. रुचिका लाडू खात खात मधोमध जाऊन उभी राहिली. लांब कुठेतरी एकजण 'पीं' म्हणाला, तो उन्हाचा. बाकी कुणी ब्र काढला नाही.

"थोडा वेळ लागतो त्यांना," मीनल म्हणाली.

सगळे थांबले. कुणीतरी खोकलं. एक सिंधी बाई शेजारणीला म्हणाली, "संडे है ना, छुट्टी पे होंगे," आणि मागे हशा पिकला. मीनलचा चेहरा पांढरा पडत चालला. हिमानीला तिची दया यायला हवी होती, पण तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. का नाही बोलले? गेलं का ते रुचूच्या छातीतून? की डबेच बिघडले, आणि इतके दिवस आपण बिघडलेल्या डब्यांवर भरवसा ठेवून बसलो?

आणि मग दारातून श्रीपाद आत आला. उशीर झाला म्हणून ओशाळलेला, चोरपावलांनी.

"टुक-टुक-घूंऽऽ."

बिस्किटांचा, तेलाचा, रंगाचा, टांगलेले, मांडलेले, सगळे. कधी नव्हे इतक्या मोठ्यानं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "बाप का नाम ले रहे हैं!" कुणीतरी ओरडलं. पण श्रीपाद हसला नाही. त्यानं आपल्या शर्टाकडे बघितलं, बाही नाकाला लावली आणि गर्दीतून वाट काढत हिमानीजवळ आला. इतकं घाबरलेलं तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्यामुळे आहे का हे?" तो कुजबुजला. "मी कंपनीतून येतो आणि तिला उचलतो... माझ्या अंगावरून...?"

हिमानी त्याच्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्याकडे नाही, खांद्याकडे.

"ती इकडे दे," ती म्हणाली. "आणि तू बाहेर जा."

"काय?"

"बाहेर जा रे. लांब जा."

तो गेला. डबे बोलतच राहिले. हिमानी गोधडी छातीशी धरून उभी होती आणि आवाज तिच्याभोवती घुमत होता. "आई," तिनं सासूबाईंना हाक मारली, "ही घेऊन रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहा."

सासूबाईंनी एरवी चार प्रश्न विचारले असते. सुनेचा आवाज ऐकून त्यांनी एकही विचारला नाही. गोधडी गेली. एकेक डबा गप्प होत गेला. "आता आणा," हिमानी दारातून ओरडली. गोधडी आली. टुक-टुक-घूं. "न्या." गप्प. "आणा." टुक-टुक-घूं. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम. ते टाळ्या वाजवत होते. सासूबाई आत-बाहेर करून धापा टाकायला लागल्या होत्या आणि हिमानी मात्र खाली बसली होती, उन्हाच्या पट्ट्यात, रुचिकाला घट्ट धरून.

किसी का पहना हुआ नहीं. म्हणूनच. कुणी घातलेलं नाही, कुणी धुतलेलं नाही. कापडाला कडकपणा यायला, रंग धरायला, रंग उडवायला त्याच कंपन्यांमधलं जे काही त्याच्यावर ओततात ते सगळं जसंच्या तसं, शिवून, टाके घालून, रोज रात्रंदिवस पोरीच्या गालाखाली. पडदे काढले, खेळणी काढली, देवाची उदबत्ती घराबाहेर काढली आणि हे नाकाशी ठेवलं. आपण. स्वतः निवडून.

मीनल तिच्याजवळ वाकली. "हिमानी, काय चाललंय?" तिचा आवाज फाटला होता.

"तुझे डबे खरं बोलतात," हिमानी म्हणाली. "त्यांनी रुचूचं नाव नाही ठेवलेलं."

मीनलला कळायला एक क्षण लागला. मग ती तिथेच, गजरा, रेशमी साडी, सगळ्यासकट, जमिनीवर बसली. इतके दिवस ज्याच्या आनंदात ती झोपली नव्हती ते कुणीतरी तिच्यासमोर धुऊन टाकलं होतं. हिमानीला वाटलं आता ही रागावेल. पण मीनल नुसती म्हणाली, "तोच शब्द होता ना मग. तू म्हणालीस तसा."

तेवढ्यात मोरिवलीतली एक बाई पुढे आली. कडेवर पोर, पोराला नवं कोरं टोपडं. तिला किती कळलं होतं कुणास ठाऊक, पण गोधडी आत-बाहेर जाताना तिनं नीट बघितलं होतं. ती बिस्किटांच्या डब्यासमोर जाऊन उभी राहिली आणि टोपडं काढून त्याच्या नाकाशी धरलं. "माझ्या पोराचं पन बघा ना जरा," ती डब्याला म्हणाली. डबा गप्प. बाई खुशीत मागे वळली. तिच्यामागे दुसरी उभी होती. दुसरीच्या मागे, पर्समधून नातवाचा रुमाल शोधत, ती सिंधी बाई. मीनलचे मुंबईचे मित्र भिंतीला टेकून हे बघत राहिले. "ओ बाई," चांगोबाबा मीनलला म्हणाले, "तिकीट लावा आता."

घरी आल्यावर हिमानी स्टूल घेऊन माळ्यावर चढली. लाल टाक्यांची गोधडी खाली काढली. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. बघितलं, लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"आई, ही..."

"डांबराच्या गोळ्या आहेत तिच्यात," सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "ती तशी घेऊन गेलीस तर तुझे डबे शंख करतील. आधी धू. गच्चीत दोन उन्हं दे."

धुतली. उन्हं दिली. निळू कुठे गेली म्हणून रुचिकानं घर डोक्यावर घेतलं, आणि लाल गोधडीला नाव द्यायला साफ नकार दिला. शीळ गेली असं नाही. कमी झाली. डॉक्टर म्हणाले, म्हटलं नव्हतं का, कमी होईल. हिमानी अजून ऐकत होती. कमी म्हणजे गेली नव्हे. एक सापडलं म्हणजे सगळं सापडलं नव्हे. ज्या गोष्टीला डब्यांकडेसुद्धा शब्द नाही तिचं काय, हा तर एक नवाच घोर लागला होता.

प्रदर्शन संपून शेड आवरताना ती मीनलला म्हणाली, "एक डबा मला देशील? घरी ठेवायला."

"दिला असता गं. पण एकटा डबा काही बोलत नाही. समोर कुणी नसलं तर शब्द विसरतो."

हिमानीनं अजिबात विचार केला नाही. "मग दोन दे."

आता ते दोघं कुळगावच्या गॅलरीत आहेत, तेलाचा कठड्यापाशी आणि बिस्किटांचा तुळशीजवळ. मिरचीची फोडणी पडली की ओरडतात. उदबत्तीला ओरडतात. "गप बसा रे मेल्यांनो," सासूबाई आतून दटावतात, "देवाचं आहे." श्रीपाद कंपनीतून आला की पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभा राहतो, दोन्ही हात वर करून, स्टेशनवर झडती देतात तसा. ते गप्प राहिले की मगच रुचूला उचलतो. त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही.

परवा दुपारी हिमानी न्हाणीघरात होती. नळ चालू, तोंडाला साबण. तिला काहीच ऐकू आलं नाही. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच. टॉवेल गुंडाळत ती बाहेर आली, तेव्हा सासूबाई धावपळ करत एकामागून एक खिडक्या लावत होत्या. फोडणी नव्हती, उदबत्ती नव्हती. रुचिका आतल्या खोलीत लाल गोधडीवर गाढ झोपली होती आणि तिच्या दाराच्या फटीला ओला पंचा खोचलेला होता.

"काय झालं, आई?"

"टुक-टुक-घूं बोलले ते," सासूबाई म्हणाल्या. "उभी काय राहिलीस? गॅलरीचं दार ओढ आधी."